समुपदेशक निवडताना: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समुपदेशक नाही, डॉक्टरही नाही. काही वर्षांपूर्वी स्वतःसाठी समुपदेशक शोधताना दोन ठिकाणी जाऊन परत आले आणि तिसरीकडे टिकले, एवढाच माझा अधिकार. तेव्हापासून रामबागेपासून विजयनगरपर्यंतच्या ओळखीच्या बायका, क्वचित पुरुषही, आडून आडून चौकशी करतात. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात 'माझ्या एका मैत्रिणीसाठी हवं होतं' अशीच असते. तर त्या सगळ्या मैत्रिणींसाठी हे एकदाचं लिहून ठेवते.

काउन्सेलिंग म्हणजे नक्की काय? आमच्याकडे तर 'नीट' परीक्षेच्या निकालानंतर असतं ते काउन्सेलिंग.

इंदुरात हा घोळ होणारच. भंवरकुआंच्या रस्त्यावर ज्या पाट्यांवर हा शब्द दिसतो, त्यातल्या बहुतेक ॲडमिशनच्या असतात. इथे बोलतोय ते मनाच्या समुपदेशनाबद्दल. ठरलेल्या वेळी, साधारण पाऊण ते एक तास, एका प्रशिक्षित माणसासमोर बसून आपल्याला छळणाऱ्या गोष्टीचा उलगडा करायचा. तो माणूस आपला नातेवाईक नसतो, शेजारी नसतो, आपल्या निर्णयात त्याचा नफा-तोटा नसतो. काकू, मावशी, आत्या जे ऐकून घेतात त्याची किंमत कमी नाही. पण मावशीला तुमच्या आईचीही बाजू घ्यायची असते.

मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, थेरपिस्ट: यातलं कोणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट. हे एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात आणि पुढे त्यांनी मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेलं असतं. औषधं लिहून देणारे हेच. झोप पार उडाली आहे, जेवण सुटलं आहे, नसलेले आवाज ऐकू येतात, भलतेच संशय येतात, मरणाचे विचार येतात, बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघतच नाही, अशा वेळी पहिलं दार यांचंच.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात, औषध देत नाहीत. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. केल्यावर दोन वर्षांचं एम.फिल. करून रुग्णालयात काम शिकलेले, अशी यातली बहुतेक मंडळी असतात. चाचण्या घेणं, निदानाला मदत करणं आणि मानसोपचाराची सत्रं घेणं हे त्यांचं काम.

समुपदेशकाने मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेलं असावं, ही अपेक्षा. नात्यातला ताण, नोकरी, परीक्षा, कोणी गेल्याचं दुःख, आयुष्यात कुठेतरी अडकल्यासारखं वाटणं, यासाठी चांगला समुपदेशक पुरतो.

'थेरपिस्ट' आणि 'लाइफ कोच' या शब्दांवरून मात्र काहीच कळत नाही. शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही स्वतःला तेच म्हणवतो.

चुकीच्या दारी गेलात तरी आभाळ कोसळत नाही. चांगला समुपदेशक दुसऱ्याच भेटीत म्हणतो, 'आधी डॉक्टरांना दाखवून या.' असं म्हणणारा माणूस जपून ठेवावा.

पाटीवरची पदवी खरी आहे हे कसं तपासायचं?

डॉक्टर असतील तर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, चिठ्ठीवर छापलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. १९९२च्या कायद्याने तसं बंधन आहे. त्यांच्या नोंदवहीत नाव ऑनलाइन शोधता येतं.

समुपदेशकांच्या बाबतीत गोष्ट ढिली आहे. २०२१च्या एका केंद्रीय कायद्याने त्यांच्यासारख्या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणीची चौकट आखली, पण तेवढ्यावर विसंबून राहण्यासारखी स्थिती नाही. म्हणून सरळ विचारायचं: शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम करताय, कोणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलंय का? नीट शिकलेल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला आला, त्याला नमस्कार करून निघावं.

ते सगळं ठीक. पण ओळखीतलं कोणीतरी सांगा ना!

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि माझं सगळ्यांत लांब उत्तरही याचंच आहे.

आपण ओळखीशिवाय काही करत नाही. सुतार ओळखीतला, दाताचा डॉक्टर ओळखीतला, सून तर ओळखीतलीच. परमुलखात चार पिढ्या काढलेल्या लोकांची ती सवय आहे आणि तिने आपल्याला तारलंही आहे. होळकरांच्या काळापासून इथे मुरलेला आपला समाज तसा मोठा, पण त्याचं वर्तुळ लहान. सानंद संस्थेच्या मराठी नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहिलं की निम्मी रांग लग्नसंबंधाने आपल्या घराला येऊन मिळते.

मी दुसऱ्यांदा जिच्याकडे गेले ती बाई मराठी होती, शिकलेली होती, माझ्या आतेबहिणीने सुचवली होती. मी आडनाव सांगितलं आणि तिचा चेहरा उजळला. 'म्हणजे तुम्ही लोधीपुऱ्यातल्या त्या वाड्यातल्या का? तुमच्या सासूबाई माझ्या आईच्या भिशीत होत्या!' तिने ते मायेनेच म्हटलं असणार. पण मी जे सांगायला गेले होते ते त्याच सासूबाईंबद्दल होतं. मग पाऊण तास मी मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलून परत आले. फीही दिली.

तेव्हा ओळखीतून नाव कळायला हरकत नाही, माणूस ओळखीचा नको. 'यांच्याकडे गेले होते, बरं वाटलं' असं कोणी सांगितलं तर नाव घ्या. पण तो समुपदेशक तुमच्या नात्यात, मंडळात, सोसायटीत नसावा, आणि ज्या माणसाबद्दल बोलायचंय त्याला ओळखणारा तर मुळीच नसावा. तुमच्या घरातल्याच कोणाची सत्रं त्याच्याकडे चालू असतील, तरी तुम्ही वेगळं दार बघा. चांगले समुपदेशक स्वतःच नातेवाईकांना आणि स्नेह्यांना नकार देतात. तो आखडूपणा नाही, त्यांच्या व्यवसायाची ती शिस्तच आहे.

आणखी एक. जो तुमच्या मैत्रिणीला लाभला तो तुम्हाला लाभेलच असं नाही. चपलेचा नंबर विचारून घ्यावा लागतो, तसंच आहे हे.

मराठी बोलणाराच हवा ना? हिंदीत मन कसं मोकळं करणार?

मलाही असंच वाटायचं. बाजारात, दफ्तरात, भाजीवाल्याशी आपण हिंदी बोलतो, पण ठेच लागली की तोंडातून 'आई गं'च निघतं. 'जीव घाबरा होतो', 'पोटात खड्डा पडतो', 'उबग आला' यांतल्या एकालाही 'टेन्शन' म्हणून चालत नाही. वयस्कर मंडळींसाठी, आणि ज्यांचं सारं आयुष्य घरात मराठीतच गेलं त्यांच्यासाठी, भाषा फार मोठी गोष्ट आहे. आजींना न्यायचं असेल तर मराठीच शोधा.

पण मी शेवटी टिकले ती एका हिंदी बोलणाऱ्या माळवी बाईंकडे. तिसऱ्या भेटीत मी म्हणाले, 'शाम को हुरहुर होती है.' त्यांनी लिहिणं थांबवलं. 'हुरहुर क्या होता है? समझाइए.' मी समजवायला लागले, मला जमेना. चिंता नाही, भीती नाही, कोणाची तरी वाट बघितल्यासारखं, पण कोणाची ते माहीत नाही. ते शब्द धुंडाळता धुंडाळता मला माझंच काहीतरी कळलं. मराठी बाईला मी 'हुरहूर' म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि आम्ही पुढे गेलो असतो.

आपल्या पुढच्या पिढीचा तर प्रश्नच वेगळा. आईशी मराठी, मित्रांशी 'क्या भिया', मनातल्या मनात अर्धं इंग्रजी. त्यांना विचारा, तू भांडतोस कुठल्या भाषेत? त्या भाषेतला समुपदेशक शोधा.

पहिल्या फोनवर काय विचारू?

फी किती, सत्र किती मिनिटांचं, वेळ रद्द केली तर पैसे लागतात का, माझ्या तक्रारीसारख्या तक्रारींवर काम केलंय का. पाच मिनिटांत होतं. सगळी कर्मकहाणी फोनवर सांगू नका. आणि समोरच्याने फोनवरच निदान केलं तर सावध व्हा.

मला हा माणूस मानवतोय हे कसं ओळखायचं?

साधारण तीन-चार भेटी द्या. पहिली भेट बहुतेक माहिती गोळा करण्यात जाते, तिच्यावरून निकाल लावू नये. रडून आलात म्हणजे फार छान झालं असंही नाही, आणि रडू आलं नाही म्हणजे वाया गेलं असंही नाही.

एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९मध्ये या नात्याचे तीन धागे सांगितले: दोघांमधला विश्वास, कुठे पोचायचंय याबद्दल एकमत, आणि तिथे पोचायला काय करायचं याबद्दल एकमत. पुढे झालेल्या भरपूर संशोधनात हे नातं चांगलं जुळणं आणि उपचाराचा गुण येणं यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. गंमत म्हणजे आपण फक्त पहिला धागा बघतो: माणूस चांगला वाटला का? चांगला वाटणं पुरत नाही. मी सर्वांत आधी ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ अतिशय सज्जन होते. दर वेळी चहा विचारायचे. सकारात्मक रहा, पहाटे उठा, प्राणायाम करा, सांगायचे. मला झोपच येत नव्हती आणि ते मला पहाटे उठवत होते. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की मी का आलेय हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून घरी येताना गाडीत स्वतःला विचारायचं. आज मी काही लपवलं का? लपवलं असेल तर लाजेपोटी, की समोरचा नाक मुरडेल म्हणून? मी बोललेलं त्याला पुढच्या वेळी आठवतं का? तो माझ्यापेक्षा जास्त बोलतो का? 'तुमचं हे मला पटलं नाही' असं त्याला म्हणता येईल का? माझ्या मते या शेवटच्या प्रश्नात सगळं आलं. एकदा म्हणून बघा. तो कसा घेतो त्यावरून कळेल.

थोडी अस्वस्थता मात्र होणारच. जखम धुताना चुरचुरतं. चुरचुरणं वेगळं आणि अपमान वाटणं वेगळं.

सीबीटी, आरईबीटी वगैरे पद्धतींतली कुठली घ्यावी?

पद्धत ठरवणं त्यांचं काम, पण नावं माहीत असावीत. आरईबीटी म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, अल्बर्ट एलिसची. कि. मो. फडके आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे मराठी वाचकांच्या ती चांगली परिचयाची आहे. सीबीटी तिचीच चुलत बहीण, ॲरन बेकची: विचार, भावना आणि वागणं यांची साखळी तपासायची, घरी गृहपाठ करायचा, साधारण १२ ते २० सत्रं. काही पद्धतींत बालपणापासून खोल जातात, त्यांना वेळ जास्त लागतो. गृहपाठाचा कंटाळा असणाऱ्याने सीबीटीवाल्याकडे जाऊन तक्रार करू नये.

बाई हवी की पुरुष?

ज्याच्यासमोर तोंड उघडेल तो. बायकांना बाई बरी वाटते हे खरं, पण ज्यांना आईचाच धाक होता अशा दोघी मला माहीत आहेत. त्यांना पुरुष समुपदेशकापुढे सोपं गेलं.

मी सांगितलेलं बाहेर जाईल का?

इंदुरात बातमी पोह्यांच्या गाडीवरून दुपारपर्यंत सराफ्यात पोचते, त्यामुळे ही भीती रास्त आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८पासून लागू झाला. त्याच्या २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. नवऱ्यानेही विचारलं तरी तुमच्या संमतीशिवाय सांगायचं नाही. अपवाद थोडे आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, किंवा न्यायालयाने आदेश दिला तर. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगतो. नाही सांगितले तर तुम्ही विचारा.

दुसऱ्या अशिलांचे किस्से, नाव न घेता का होईना, जो रंगवून सांगतो, त्याच्याकडे तुमचाही किस्सा तयार होत असतो.

औषधं लागलीच तर जन्मभर घ्यावी लागतात का?

नाही, बहुतेकांना काही काळच. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. आणखी एक, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड मंद असला तरी माणूस उदास, सुस्त होतो आणि शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते. आधी रक्त तपासा, मग नशिबाला दोष द्या.

फी परवडत नाही. मग?

शहरातले खासगी दर साधारण पाचशेपासून दीड-दोन हजारांपर्यंत ऐकू येतात. एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेलं बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय सरकारी आहे. 'बाणगंगेला नेलं' ही आपल्याकडे शिवी आहे, म्हणून लोक तिथे जायला दचकतात. दचकू नका. रांग असते, वेळ कमी मिळतो, पण डॉक्टर शिकलेले असतात. खासगीतही 'मला इतकंच जमेल' असं स्पष्ट सांगितलं तर काही जण फी कमी करतात. दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी गेलात तरी चालतं. दहा सत्रांचे पैसे आगाऊ मात्र भरू नका, निदान पहिल्या चार भेटी होईपर्यंत.

२०१७च्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलं आहे. पण समुपदेशनाची नुसती सत्रं बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत. कागद वाचून घ्या.

ऑनलाइन चालेल का?

चालतं. पुण्या-ठाण्याचा मराठी समुपदेशक घरबसल्या मिळतो, आणि तो तुमच्या सासूच्या भिशीत असण्याची शक्यता शून्य. अडचण घराचीच असते. तीन खोल्यांत सहा माणसं, दार लावलं की 'काय गं, बरं नाही का?' माझी एक मैत्रीण पार्किंगमध्ये गाडीत बसून सत्र घेते. वॉचमनला वाटतं बाई नवऱ्याशी भांडून येऊन बसते.

आजार गंभीर असेल तर मात्र समोरासमोर जा.

आम्हा दोघांना, नवरा-बायकोला, जायचंय.

जोडप्यांबरोबर काम करण्याचं शिक्षण वेगळं असतं, ते आहे का विचारा. आणि पोलिसांचं परिवार परामर्श केंद्र किंवा कुटुंब न्यायालयातलं समुपदेशन म्हणजे हे नव्हे. तिथला ओढा मुख्यतः तडजोडीकडे असतो. घरात मारहाण होत असेल तर एकत्र सत्राचा हट्ट धरू नका. बाईला आधी एकटीने बोलता आलं पाहिजे.

मुलगा कॉलेजात आहे, मुलांकडे ओढा आहे म्हणतो. त्याला 'समजावणारा' कोणी सांगाल?

नाही सांगणार. समलैंगिकता आजार नाही. ती 'बदलण्याचा' उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये कळवलं आहे. असा उपचार देऊ करणाऱ्याकडून मुलाला उठवून घरी आणा. समुपदेशक तुम्ही स्वतःसाठी शोधा. हे मी चिडून म्हणत नाही, आई-वडिलांनाही बोलायला कोणी लागतंच.

उठून निघून यावं अशा खुणा कोणत्या?

'तीन सत्रांत बरं करतो' ही हमी. डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगणं. नको असलेला स्पर्श, रात्रीचे खासगी मेसेज, बाहेर कॉफीला भेटायचा आग्रह. तुमची जात, धर्म, घटस्फोट यांवर टोमणे. स्वतःच्या संसाराची गाऱ्हाणी तुम्हालाच ऐकवणं. अंगठी, खडा, ग्रहशांत सुचवणं: ज्योतिषाकडे जायचंच असेल तर ज्योतिषाकडेच जावं, दोन फी कशाला?

सोडायचं असेल तर कसं सांगू? फार वाईट वाटेल त्यांना.

'मला वाटतं माझं इथे जमत नाहीये, दुसरं कोणी सुचवाल का?' एवढं वाक्य पुरे. त्यांना सवय असते. मीही पहिल्यांदा न सांगता जायचं बंद केलं आणि नंतर ते गृहस्थ रस्त्यात दिसले की फुटपाथ बदलत राहिले. वर दुखणं तसंच राहिलं.

रात्री दोनला जीव नकोसा वाटला तर? तेव्हा कुठे निवड करत बसू?

तेव्हा निवड करायची नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर, २०२२पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट. जिवाला लगेच धोका असेल तर ११२ लावा किंवा एमवाय रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. एकटे राहू नका, घरात कोणालाही उठवा. झोपमोड झाली म्हणून कोणी रागावत नाही.

दवाखान्यातून बाहेर पडताना कोणी ओळखीचं भेटलं तर काय सांगू?

पलासियाला माझी सत्रं होती, त्याच इमारतीत खाली दाताचा दवाखाना होता. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. मी गालावर हात ठेवून म्हटलं, 'दाढ.' काकूंनी विचारलं, 'चांगला आहे का गं डॉक्टर?' काय बोलणार, म्हटलं, 'उत्तम.' पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिथे रूट कॅनल करून घेतलं आणि मला फोन करून आशीर्वाद दिले. त्यानंतर दोन वर्षं दर मंगळवारी काकू गच्चीवरून विचारायच्या, 'अजून दाढ बरी झाली नाही का गं?'